डाव्या दंडावरची खूण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. कोणालाच म्हणजे — चर्चमधल्या त्या लाकडी जाळीपलीकडे बसलेल्या फादरांनासुद्धा नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी मी तिथे गुडघे टेकले. आईवर ओरडले म्हणून सांगितलं, शेजारणीबद्दल वाईट बोलले म्हणून सांगितलं, एकदा उपवासकाळातल्या शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखला तेही सांगितलं. आणि हे तेवढं गिळून उठले. आमच्या पापडी गावात किती फादर आले नि बदलून गेले! प्रत्येकाच्या पदरात मी तीच किरकोळ पापं टाकली.

तुम्ही म्हणाल, मग आता का? थांबा, येते तिथे. मला वेळ लागतो. शाळेत बाई म्हणायच्या, ही आग्नेस उत्तर सोडून बाकी सगळं लिहिते.

तरी एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. माझा धाकटा भाऊ इनास सव्वीस वर्षांचा असताना गेला. गर्दने गेला असं गाव म्हणतं आणि ते खरंच आहे. पण ज्या खोट्याच्या भरवशावर तो त्या दुपारी घरातून निघाला, ते खोटं माझं होतं. आणि त्याहून वाईट काहीतरी मी त्याच्या मागे केलं. ते सांगायला माझी जीभ अजून वळत नाही. लिहून बघते.

आमच्या वाडीला लागून एक कौलारू शेड होती. पूर्वी तिथे केळीचे घड रचायचे. ती मुंबईच्या एका डॉक्टरांनी घेतली आणि तिच्यात ससे ठेवले. सशांना मुंबईत जागा कुठली! मी बी.एस्सी. होऊन घरी शिकवण्या घेत बसले होते. डॉक्टरांना हाताखाली कोणीतरी हवं होतं, मी लागले. सशांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे, कानाच्या शिरेतून थेंब थेंब रक्त काढायचं आणि सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. डॉक्टर दर गुरुवारी बर्फाच्या थर्मासमध्ये बाटल्या घेऊन यायचे. गावात मला सशांची सुईण म्हणायचे. मीही हसून घ्यायचे — पण मनातून मला त्या कामाचा केवढा तोरा होता! पापडीत दुसरं कोण असं काही करत होतं?

काम होतं लशीचं. अफू, मॉर्फिन असल्या नशेवर लस. आहे की नाही गंमत? देवीची लस ऐकली होती, पोलिओचा डोस ऐकला होता. नशेवर लस? डॉक्टरांनी मला शेडच्या पायरीवर बसवून समजावलं होतं. मॉर्फिनचा कण इतका बारीक, की रक्त त्याला ओळखतच नाही. म्हणून तो एका मोठ्या कणाला बांधून टोचायचा. मग रक्त त्याला ओळखायला शिकतं, आणि पुढच्या वेळी वाटेतच धरतं, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही.

पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या. उजवीकडच्या सशांना लस, डावीकडच्यांना नुसतं सलाईन, म्हणजे उकळून गाळलेलं मिठाचं पाणी. काही आठवडे गेले की दोघांनाही मॉर्फिन द्यायचं आणि बघायचं. डावीकडचे ससे दहा मिनिटांत मान टाकायचे, कान पडायचे. उजवीकडचे मात्र कान ताठ करून माठाच्या भाजीच्या काड्या चघळत बसायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी रडले. खरंच सांगते, पिंजऱ्याची जाळी धरून रडले.

मग डॉक्टरांनी मॉर्फिनची मात्रा वाढवली. दुप्पट, मग तिप्पट. तिप्पट मात्रेला उजवीकडचे ससेही पडले. त्यातले दोन उठलेच नाहीत. ते मी रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहिलं. डॉक्टर म्हणाले, आग्नेस, हा शेताचा बांध आहे, पाणी वाढलं की वरून जाणारच. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, म्हणूनच मला स्वतःला माफ करता येत नाही.

आता इनास. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता. हसरा, उगाच सगळ्यांच्या कामात हात घालणारा. कोणाचा पंप बंद पडला, कोणाची सायकल मोडली की जेवण टाकून उठायचा. त्याचं लग्न फिलूशी झालं. फिलू म्हणजे फिलोमिना — कमी बोलणारी, शिवणकाम करणारी, जे बोलेल ते मोजून बोलणारी. ते बोलणंच पुढे तिचं सगळं घेऊन गेलं.

त्या वर्षांत गर्दचं, म्हणजे अफूपासूनच बनणाऱ्या नशेच्या भुकटीचं, लोण आमच्याकडे आलं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, त्यावर चिमूटभर भुकटी, खाली काडी — एवढंच लागायचं. इनासला ते कारखान्यातल्या बाळूने दिलं की इनासने बाळूला दिलं, ते मला आजही ठाऊक नाही. बाळू मिठागराजवळच्या गावातला, इनासचा जिवाभावाचा सोबती. आठ महिन्यांत माझ्या भावाचे गाल आत गेले. घरातला तांब्याचा हंडा गेला. फिलूला दिवस गेले होते. ती मशीनवर बसून रडायची आणि आम्ही गेलो की डोळे पुसून दोरा ओवायची. आईने चर्चमधल्या मातेपुढे किती मेणबत्त्या लावल्या असतील!

मुलगी झाली, मोनिका. ती तीन महिन्यांची असताना एका गुरुवारी, डॉक्टर गेल्यावर, इनास शेडमध्ये आला. पिंजऱ्यांसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला,

“बाय, यांना टोचतेस ते मना टोच.”

मी म्हटलं, अरे वेड्या, ते सशांचं आहे. माणसाला नाही चालत.

“मी काय सशापेक्षा बरा हाय?” एवढं म्हणाला, आणि गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडायला लागला.

खरी लस थर्मासमध्ये होती. पण ती सशांसाठी बनवलेली, माणसाच्या अंगात तिने काय केलं असतं देव जाणे. ती द्यायची माझी हिंमत नव्हती. ठीक आहे, ते बरोबरच होतं. पण मग ‘नाही’ म्हणायचीही हिंमत नसावी? मी त्याच्याकडे पाठ केली, डाव्या रांगेची सलाईनची बाटली घेतली, सुई उकळली आणि त्याच्या डाव्या दंडात मिठाचं पाणी टोचलं. ही तीच लस, म्हणाले. तीन वेळा घ्यावी लागेल, आठ-आठ दिवसांनी. कोणाला सांगू नकोस, माझं काम जाईल.

त्याने फिलूला त्याच दिवशी सांगितलं. सांगणारच. नवरा-बायकोत काय लपतं?

पुढचे चार दिवस आमच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही केळी पिकवायचो तिथे, तो पडून होता. घाम, ओकाऱ्या, हाडं पिरगाळल्यासारख्या कळा. मी त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, पण नेलं असतं तर टोचल्याचं बाहेर आलं असतं. फिलू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आणि तो दात आवळून म्हणायचा, लस लढतेय, बाय, लस लढतेय आत. मी दारात उभी राहून मान डोलवायचे.

लढत होता तो. एकटा. त्याचं श्रेय मी एका बाटलीला देऊन टाकलं.

दुसऱ्या गुरुवारी त्याने दंड पुढे केला आणि विचारलं, खूण का नाय उठली?

तुम्हाला हे समजण्यासाठी देवीची साथ सांगायला हवी. मी अकरा वर्षांची होते, इनास पाच. आमच्या आळीत सांतानकाकाच्या घरात देवी आल्या. त्या घरात कोणी पाऊल टाकेना. तेव्हा ठरलं, ज्यांच्या दंडावर लशीची खूण नीट उठलीय त्यांनीच आत जायचं, पेज द्यायची, आजाऱ्याला पुसायचं. आईची खूण रुपयाएवढी होती. ती पदर खोचून, पेजेचा डबा घेऊन, बाही वर करून आम्हाला दाखवायची — “मना काय होत नाय!” — आणि आत जायची. आणि खरंच तिला काही झालं नाही. सांतानकाकाही वाचला. आमच्या आळीत तेव्हापासून खूण म्हणजे नुसता डाग राहिला नाही. ज्याला खूण आहे त्याने आजाऱ्याकडे जायचं, हे त्याचं कामच समजायचे. न जाणाऱ्याला नावं ठेवायचे.

इनास पाच वर्षांचा होता, पण त्याला ते सगळं आठवत होतं. लस म्हणजे खूण. खूण म्हणजे मग काही होत नाही. त्याचं चुकलं का? आमच्यातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

आणि मी काय केलं? त्याचा विश्वास डळमळतोय असं मला वाटलं. म्हणून तिसऱ्या वेळी टोचून झाल्यावर मी सुईच्या टोकाने त्याच जागी गोल ओरखडे काढले, रक्त येईपर्यंत. आधीचे दोन डोस मुरल्याशिवाय खूण उठत नाही, म्हणाले. चार दिवसांत जाड खपली धरली. खपली पडल्यावर गुलाबी चट्टा राहिला. इनास सगळ्या घरात बाही वर करून फिरत होता; आईने विचारलं तेव्हा, कारखान्यात भाजलंय, असं मीच सांगून टाकलं. देवा, किती खूश होता तो!

सात आठवडे. सात आठवडे त्याने कागदाला हात लावला नाही. अंगावर मांस आलं. कामावर जायला लागला. मोनिकाला खांद्यावर घेऊन वाडीत फिरायचा, तिला केळीची एकेक जात दाखवायचा, ही राजेळी, ही बसराई, जशी काही ती उद्या बाजारात विकायलाच बसणार होती. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळ्यांना वाढायला तोच उभा. आई म्हणायची, मातेने ऐकलं. आणि मी — सांगूनच टाकते — मला वाटायचं, मातेने कसलं, मी केलं हे. माझ्या मिठाच्या पाण्याने. रात्रंदिवस मनात गुदगुल्या. खोटं लागू पडलं की माणूस त्याला खोटं म्हणत नाही.

पण मला दोन गोष्टी माहीत होत्या, नाही का? खरी लस असती तरी जास्त मात्रेला ससे पडले होते. आणि दुसरी — नशेची सवय सुटलेल्या सशाला त्याची जुनीच मात्रा द्या, त्याला ती झेपत नाही, अंग विसरलेलं असतं. दोन्ही माझ्याच अक्षरात रजिस्टरमध्ये होत्या. इनासला यातलं एकही वाक्य मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लस थोडी लहान झाली असती. मी थोडी लहान झाले असते.

मग तो रविवार. मिस्सा संपली, आम्ही चर्चच्या फाटकाशी उभे होतो. इनास माझ्याजवळ येऊन म्हणाला, बाळू आठ दिवस कामावर आला नाही, मिठागरातल्या खोपीत पडलाय म्हणे, चार-पाच जण आहेत तिथे. मी जाऊन त्याला घेऊन येतो.

त्याने शर्टाची बाही जरा वर केली आणि हसला.

“माझ्यावर खूण हाय, बाय. मीच नाय गेलो तर कोन जाईल?”

इथे. इथे मला बोलता आलं असतं. आजूबाजूला माणसं होती म्हणावं, तर त्याला बाजूला घेता आलं असतं. फाटकापासून विहिरीपर्यंत दहा पावलं. ‘इनास, ते पाणी होतं’ — केवढं वाक्य आहे? पण मला वाटलं, आता सांगितलं तर हा आजच पुन्हा ओढेल. हे खरं कारण होतं का? अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे, तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला सोडवत नव्हती.

मी म्हणाले, संध्याकाळपर्यंत ये.

फिलूने बाळूसाठी पेजेचा डबा भरून दिला. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? ती हसत होती. तिने त्याला थांबवलं नाही, कारण तिला ठाऊक होतं नवऱ्याला लस टोचलीय.

तिथे काय झालं ते बाळूने नंतर सांगितलं. इनासने त्याला उठवलं, चल म्हणाला. बाकीचे हसले. लस म्हणे, नशेवर लस! इनास चिडला, बाही वर करून दाखवली. ते आणखी हसले. तेव्हा तो त्यांच्यात बसला आणि म्हणाला, द्या इकडे, बघा मला चढते का. पूर्वी जेवढं ओढायचा तेवढं ओढलं. मग दुसरं. बघा, काय होत नाय, म्हणत होता. कोणी त्याला अडवलं नाही, कारण त्यांनाही थोडं खरं वाटायला लागलं होतं. मग तो भिंतीला टेकला. त्यांना वाटलं झोपला. मीठ वाहायच्या हातगाडीवर घालून त्यांनी त्याला रस्त्यापर्यंत आणलं तेव्हा चार वाजले असतील. डबा त्याच्या पायाशी होता. उघडलेलाही नव्हता.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगूही शकले असते. मूर्खपणा म्हणून. मायेपोटी म्हणून. लोकांनी दोन अश्रू माझ्यासाठीही ढाळले असते. पुढचं नाही सांगता येत.

त्याला न्हाऊ घालून कपडे घालायचे होते. आमच्या सख्ख्या काकांनी त्याचा लग्नातला अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट काढला होता. मी तो परत कपाटात ठेवला आणि पूर्ण बाह्यांचा काढून दिला. पेटीत शोभून दिसेल, म्हणाले. भाऊ समोर पडलेला असताना माझं डोकं एवढं नीट चालत होतं. मनगटाशी बटणं मी स्वतः लावली.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर माणसं घरी आली होती. आई एका कोपऱ्यात, फिलू दुसऱ्या. आईने सुरुवात केली, तू त्याला जाऊ दिलंस, वर डबा भरून दिलास. बायकांची कुजबुज सुरू झाली. फिलू मोनिकाला कडेवर घेऊन उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

“बाय, तुम्ही सांगा यांना. तुम्ही त्यांना इंजेक्शन दिलेलं ना? तीन दिलेली. म्हणून मी जाऊ दिलं.”

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. आईसुद्धा.

मी म्हणाले, “कसलं इंजेक्शन?”

दोनच शब्द. ती म्हणाली, दंडावर खूण आहे त्यांच्या. मी म्हणाले, कारखान्यात भाजलं होतं ते. गर्द ओढणारा माणूस बायकोला हजार थापा मारतो, फिलू, तू बिचारी भोळी. हे मी हळू आवाजात, प्रेमाने म्हणाले. तिच्या पाठीवरून हातही फिरवला. कळतंय ना तुम्हाला? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला!

त्या क्षणी फिलूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं सगळं कळून चुकलेलं दिसत होतं. मग ती मोनिकाला घेऊन आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

दोन दिवसांनी बाळू आला, कुंपणाबाहेर उभा राहिला. आत यायची हिंमत नव्हती. ओरडून सांगत होता, तो म्हनाला बहिनीने लस टोचलीय, म्हनून बसला वो तो! काका काठी घेऊन धावले. मी ओट्यावरून म्हणाले, गर्दुल्ल्याचं काय ऐकता? बाळू वर्षभरात गेला. त्याला आणायला परत कोणी गेलं नाही.

आई फिलूला नवऱ्याला मारणारी म्हणत राहिली. गावात ती थापाडी ठरली, स्वतःची चूक झाकायला नणंदेवर ढकलणारी. महिन्याच्या मिस्सापर्यंतही ती आमच्याकडे टिकली नाही. शिवणाचं मशीन आणि मोनिकाला घेऊन माहेरी गेली. शेडमधलं कामही पुढे बंद पडलं, ससे गेले. डॉक्टर माणूस भला होता, मला भेटायला घरी आले, भावाबद्दल हळहळले. म्हणाले, आपलं काम आणखी पुढे गेलं असतं तर.

फिलू दर वर्षी मृतांच्या दिवशी दफनभूमीत यायची. मेणबत्ती लावायची, फुलं ठेवायची, माझ्याशी दोन शब्द नीट बोलायची. एका वर्षी आम्ही दोघीच होतो. मी उगाच म्हटलं, फिलू, काही लागलं तर सांग. ती म्हणाली, “एकदा विचारलं होतं, बाय. परत नाय विचारनार.” आणि मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून हात आडवा धरून बसली.

मोनिका शिकली, नर्स झाली. तिला माझा राग नाही — का असेल? तिला काय ठाऊक? दोन वर्षांपूर्वी फिलू वारली आणि त्यानंतर मोनिकाने मला, एकट्या म्हातारीला, मनवेलपाड्याच्या तिच्या घरी आणलं. माझ्या गोळ्या ती देते. माझे पाय ती चोळते.

गेल्या महिन्यात ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, आत्या, हे बघ, परदेशात नशेवर लस काढताहेत, माणसांवर तपासताहेत. तू ते सशांचं काम करायचीस ना, तसलंच! मग म्हणाली, मम्मी शेवटी शेवटी तेच बडबडायची गं, पप्पांना लस दिली होती, पप्पांना लस दिली होती. मी तिला गप्प करायचे. बिचारीचं डोकं भ्रमलं होतं.

मी काय म्हणाले असेन? एवढी वर्षं गेली, आई गेली, काका गेले, घाबरायला कोणी उरलं नाही. समोर इनासचे डोळे घेऊन त्याची मुलगी बसलेली.

मी म्हणाले, हो गं. बिचारी. आणि चहा मागितला.

ती चहा करायला उठली. मला त्या दिवसापासून गिळवत नाही. तिला वाटतं, दाताने त्रास होतोय.

ही वही मी उद्या सकाळी तिथे ठेवणार आहे, जिथे ती माझ्या गोळ्या काढून ठेवते. उघडी ठेवणार आहे. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, असावं असंही नाही.

मोनिका, तुझ्या आईचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. तिने तुला सांगितलं ते खरं होतं, मला सगळ्यांदेखत विचारलं तेही खरं होतं. तेव्हा तू तिच्या कडेवर होतीस आणि माझ्या साडीचा काठ ओढत होतीस. बाळू खरं बोलत होता. तुझे वडीलही खोटं बोलले नाहीत, त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं तीन होती. त्यात मिठाचं पाणी होतं. खूण डाव्या दंडावर होती, कोपरापासून चार बोटं वर. ती मी केली होती.